आगाशिव-जखिणवाडीची लेणी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पुण्याकडून कोल्हापूरला जाताना कराड मागे पडलं, मलकापूर लागलं, की उजव्या हाताला एक लांबोडका डोंगर दिसतो. तो आगाशिव. माथ्यावर महादेवाचं देऊळ आहे हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर साठाहून जास्त बौद्ध लेणी कोरलेली आहेत, हे मात्र कराडात दहा-दहा वर्षं नोकरी केलेल्यांनाही ठाऊक नसतं. जे जाऊन येतात त्यातले निम्मे म्हणतात, "काही नाही हो तिथं, नुसत्या रिकाम्या खोल्या!"

रिकाम्या खोल्याच आहेत, ते खरं. पण त्या बघायची एक रीत आहे आणि ती आधी कळली तर अर्धा दिवस सत्कारणी लागतो. नाहीतर उन्हात घाम गाळून, चार सेल्फी काढून उतरायचं. म्हणून हा लेख. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल, इतकीच ही वाट आहे.

## 1. काय बघायला चाललोय ते आधी समजून घ्या

इथे अजिंठ्यासारखी चित्रं नाहीत. वेरूळसारखी शिल्पं नाहीत. कार्ल्याचं भव्य चैत्यगृह (म्हणजे आत स्तूप असलेलं, पूजेसाठीचं लेणं) डोळ्यापुढे ठेवून आलात तर हमखास निराश व्हाल.

ही लेणी हीनयान (बौद्धांचा जुना पंथ) काळातली, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार वर्षांपूर्वीची. त्या काळात बुद्धाची मूर्ती घडवत नसत; पूजा व्हायची ती स्तूपाची. त्यामुळे इथे मूर्ती शोधू नका. भिक्षूंनी पावसाळ्यात मुक्काम करायचा, ध्यान करायचं, स्तूपाला प्रदक्षिणा घालायची, एवढ्यासाठी कोरलेल्या या जागा आहेत. त्यात इथला दगड थोडा भरड. त्यावर नाजूक नक्षी टिकणं अवघडच.

मग महत्त्व कशाचं? कराडचं. या गावाचं जुनं नाव करहाकड. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांमध्ये करहाकडच्या लोकांचं नाव कोरलेलं आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांमध्ये तर इथल्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचं दान नोंदवलेलं आहे. म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं हे गाव तेव्हाच पैसा राखून होतं, आणि इथून कोकणात माल उतरत होता. बाजारपेठ, नदी, घाटवाट आणि जवळ डोंगर हे सगळं जमून आलं, की तिथे लेणी सापडतातच. आजही कराडहून पाटणमार्गे कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणारे ट्रक बघितले तर ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

लेण्यांचे तीन गट आहेत. जखिणवाडी गावाच्या वरचा गट सगळ्यात सोपा आणि सगळ्यात बघण्यासारखा. बाकीचे दोन डोंगराच्या इतर सोंडांवर आणि कोयनेच्या बाजूला विखुरलेले आहेत. पहिल्या खेपेला फक्त जखिणवाडीचा गट करा. "साठच्या साठ बघूनच येऊ" म्हणणारे घाणेरीच्या झुडपांत कपडे फाडून घेतात आणि शेवटी धड एकही लेणं बघत नाहीत.

## 2. दिवस आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी साडेसातपर्यंत पायथ्याला पोहोचा.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार आणि देखणा असतो, पण लेण्यांपुढच्या कातळावर शेवाळ धरतं आणि पाय असा सटकतो की सावरायला वेळ मिळत नाही. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर जुलै-ऑगस्ट टाळाच. एप्रिल-मे मध्ये दहानंतर कातळ तापतो. शिवाय वाळलेल्या गवताला वणवे लागायचे दिवस ते. दूरवर धूर दिसला तर वर चढू नका, सरळ मागे फिरा.

श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला माथ्यावरच्या महादेवाला गर्दी असते. दर्शन घ्यायचं असेल तर जरूर जा, लेणी मात्र दुसऱ्या दिवशी बघा. त्या गलक्यात लेण्यात दोन मिनिटं शांत बसता येत नाही.

## 3. बरोबर काय घ्यायचं

तिकीट, खिडकी, गाईड, क्लोकरूम असला प्रकार इथे नाही. वर चहाची टपरीही नाही. जे लागेल ते पाठीवर.

- पाणी, माणशी दोन लिटर. लेण्यांजवळच्या टाक्यांतलं पाणी पिऊ नका, कितीही नितळ दिसलं तरी.
- चांगली टॉर्च, जमलं तर दोन. मोबाईलच्या उजेडावर अवलंबून राहू नका. का ते सहाव्या टप्प्यात सांगतो.
- पायात बूट, तळ पकड धरणारा. चप्पल, क्रॉक्स नको.
- पूर्ण पँट, गुळगुळीत कापडाची. दिवाळीनंतर कुसळं इतकी वाढलेली असतात की सुती मोजे आणि ट्रॅकपँट उतरल्यावर फेकून द्यावीशी वाटते.
- रुमाल किंवा मास्क. काही खोल्यांत वटवाघळांची घाण असते आणि वास डोक्यात जातो.
- खाण्यात फळं, चिक्की, दशमी-चटणी. चिप्सची पाकिटं नेलीत तर ती परत आणायची जबाबदारी तुमची.
- प्रथमोपचाराची पिशवी: बँडेज, जंतुनाशक, ओआरएस, ॲलर्जीची गोळी (डॉक्टरांना विचारून).
- एक काठी. चढायला कमी, झुडपं बाजूला सारायला जास्त उपयोगी.

कागदपत्रांत आधार किंवा कुठलंही ओळखपत्र, आणि गाडी असेल तर तिची कागदपत्रं, एवढं पुरे. शाळा-कॉलेजची सहल असेल तर संस्थेचं पत्र, मुलांची यादी आणि पालकांची संमतीपत्रं जवळ ठेवा. आणि गावात ग्रामपंचायतीला आदल्या दिवशी कळवा. सक्ती म्हणून नव्हे. चाळीस पोरं अचानक गावात उतरली की गावकऱ्यांनाही काही सुचत नाही.

ट्रायपॉड लावून चित्रीकरण करायचं असेल किंवा ड्रोन उडवायचा असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी आधी घ्या. ही लेणी केंद्र संरक्षित स्मारक आहेत. हातातल्या मोबाईलने फोटो काढायला कुणी अडवत नाही.

## 4. पायथ्यापर्यंत

साताऱ्याहून कराड साधारण पन्नास किलोमीटर, सगळा हायवे. एसटी भरपूर. रेल्वेने येणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: कराड स्टेशन कराडात नाही, ओगलेवाडीला आहे, शहराच्या पूर्वेला. डोंगर पश्चिमेला. म्हणजे आधी शहर ओलांडून यायचं, मग पुढे रिक्षा.

रिक्षा ठरवताना जाऊन-येऊन ठरवा, किंवा रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा. जखिणवाडीतून परत यायला रिकामी रिक्षा मिळेलच असं नाही.

इथे दोन फसगती ठरलेल्या आहेत.

पहिली नकाशाची. मोबाईलवर नुसतं "आगाशिव" टाकलं की कधी मलकापूरजवळची आगाशिवनगर वसाहत येते, कधी माथ्यावरचं देऊळ. तुम्हाला हवं आहे जखिणवाडी. तेच नाव टाका आणि गावात शिरल्यावर मोबाईल खिशात ठेवून माणसांना विचारा. "मावशी, लेण्यांकडं कुठनं जायचं?" एवढं विचारलं की काम होतं. "केव्हज" म्हणालात तर समोरची व्यक्ती तुम्हाला देवळाकडे पाठवील.

दुसरी उसाची. हंगाम सुरू झाला की या पट्ट्यातल्या सगळ्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेपासून चालू असतात. मागे रिफ्लेक्टर असेल तर नशीब. अंधारात, धुक्यात त्यांच्या मागे गाडी चिकटवू नका. या सहलीतला सगळ्यात धोकादायक भाग डोंगर नाही, हा रस्ता आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी गावात मोकळ्या जागेत लावा; कुणाच्या खळ्यात, दारात किंवा शेताच्या वाटेवर नको. बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर अडला की तुमच्यामुळे पुढच्या दहा जणांना शिव्या खाव्या लागतात.

## 5. चढ

चढ अवघड नाही. रमतगमत अर्धा-पाऊण तास धरा. सुरुवातीला शेतं, मग झाडी, करवंदाच्या जाळ्या, आणि वर गेलं की कातळ उघडा पडायला लागतो.

एक खूण सांगतो. सह्याद्रीचा दगड थरांचा आहे; एक थर टणक, एक मऊ. कोरणाऱ्यांना सोयीचा थर सापडला की ते त्याच थराने आडवे सरकत जायचे. म्हणून पहिलं लेणं सापडलं की पुढचं शोधायला वर-खाली धडपडू नका. त्याच पातळीने, मळलेल्या वाटेने आडवे चला. झुडपात गेलेली वाट बंद वाटली तर परत फिरा. बहुतेक वेळा ती शेळ्यांची असते.

आता जनावरांचं. या डोंगरात आणि पायथ्याच्या उसात बिबट्याचा वावर आहे. घाबरून घरी बसण्यासारखं काही नाही, पण शिस्त हवी:

- एकट्याने जाऊ नका. तिघे-चौघे असा, आपसात बोलत चला.
- लहान मुलांना पुढे पळू देऊ नका, मागेही राहू देऊ नका.
- उजाडायच्या आत चढू नका आणि सूर्य कलायच्या आत खाली या.
- अंधाऱ्या खोलीत शिरण्याआधी दारातून टॉर्च मारा, काठी आपटा, जरा थांबा. मग आत.

बिबट्यापेक्षा मला भीती आग्या मोहोळाची वाटते. लेण्यांच्या छताला, कातळाच्या कपारीला काळं, झुलतं पोळं दिसलं तर आवाज न करता लांबून निघून जा. अंगाला अत्तर-बॉडीस्प्रे मारून येऊ नका, सिगारेट पेटवू नका, आणि पोळ्याकडे दगड भिरकावणारा मित्र असेल तर त्याला घरीच ठेवा. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड कापडाने झाकून पळायचं. हात झाडत उभं राहायचं नाही.

सापासाठी साधा नियम: डोळ्यांना दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, पाय ठेवायचा नाही. चावा झालाच तर चिरे मारणं, दोरी करकचून बांधणं, मांत्रिक हे सगळं बाजूला ठेवून माणसाला कमीत कमी हलवत सरळ कराडच्या रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी 108, पोलिसांसाठी 112, वन विभागासाठी 1926. हे तीन नंबर आधीच मोबाईलमध्ये घालून ठेवा.

## 6. लेण्यात शिरल्यावर काय बघायचं

सगळ्यात आधी चैत्यगृह गाठा. या गटात ते पाचव्या क्रमांकाचं लेणं म्हणून ओळखलं जातं. आत न शिरता बाहेरच थांबा. दर्शनी बाजूला कोरलेल्या स्तंभांपैकी एकावर सिंह आणि एकावर धर्मचक्र आहे. झिजलेलं आहे, पटकन दिसत नाही. या डोंगरात जे थोडंफार शिल्प आहे त्यातलं हे एक, आणि नव्वद टक्के लोक त्याच्या खालून मान न वर करता आत जातात.

आत गेल्यावर मागची भिंत अर्धगोल आहे आणि तिच्यापुढे स्तूप. भोवतीची मोकळी जागा प्रदक्षिणेसाठी. खालचा गोल भाग, त्यावरचा घुमट म्हणजे अंड, त्यावरची चौकोनी हर्मिका, असं खालून वर बघत जा. हा स्तूप म्हणजे दगडाचं बांधकाम नाही, हे डोक्यात पक्कं करा. डोंगर आतून कोरत आणला आणि स्तूपापुरता दगड शिल्लक ठेवला. भिंत, छत, स्तूप हा सगळा एकच दगड. एक घाव चुकीचा बसला असता तर जोडायची सोय नव्हती.

मग विहारांकडे, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या लेण्यांकडे वळा. पुढे ओसरी, आत मंडप, मंडपाच्या भिंतीत लहान लहान खोल्या, आणि खोलीत दगडी ओटा. त्या ओट्यावर भिक्षू झोपायचा. खोलीत शिरून बसा. दार मुद्दाम बुटकं, उजेड बेताचा, बाहेर ऊन कितीही असो आत गारवा. दाराच्या चौकटीला हात न लावता नीट बघितलंत तर काही ठिकाणी खाचा दिसतील. तिथे लाकडी दार बसवायचे.

आता टॉर्चची गंमत. टॉर्च भिंतीवर समोरून मारली की भिंत सपाट, मुकी दिसते. तीच टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवी धरा, उजेड भिंतीवरून घसरत जाईल असा. एकदम छिन्नीचे तिरके घाव उमटतात, ओळीने, एका हाताचे. मध्येच घावांची दिशा बदलते. तिथे कोरणाऱ्याने बाजू बदलली असणार, किंवा दुसऱ्या कुणी छिन्नी हातात घेतली असणार. कोपऱ्यात, छताजवळ हे जास्त स्पष्ट दिसतात, कारण तिथे हात पोचत नाहीत आणि झीज कमी. पुसट अक्षरं वाचणारे लोकही हाच तिरका उजेड वापरतात. मोबाईलचा पसरट उजेड यासाठी कुचकामी, म्हणून वर टॉर्च म्हणालो.

अक्षरांवरून आठवलं. या डोंगरातल्या एका लेण्यात ब्राह्मी या जुन्या लिपीतला लेख आहे, गोपाळाचा पुत्र संघमित्र याने लेणं दान दिल्याचा. तो जखिणवाडीच्या सोप्या वाटेवर नाही, त्यामुळे पहिल्या खेपेला त्याच्या मागे लागू नका. पण एवढ्या साठ-पासष्ट लेण्यांत देणाऱ्याचं नाव घेऊन उभा राहिलेला माणूस तो, हे माहीत असावं. राजाचा थाट नाही, बिरुदं नाहीत; बापाचं नाव, आपलं नाव आणि दिलेली वस्तू.

अर्धवट सोडलेली लेणी दिसली तर ती टाळू नका. पूर्ण लेण्यापेक्षा अर्धवट लेणं जास्त शिकवतं. काम छताकडून सुरू करून खाली आणत, त्यामुळे मचाण बांधायची गरज पडत नसे. वरचा भाग सफाईदार आणि खाली दगडाचे खडबडीत ठोकळे शिल्लक असं दिसलं, की काम कुठवर आलं होतं ते लगेच कळतं.

पाण्याची टाकी शेवटी बघा. खोदलेलं टाकं, पावसाचं पाणी त्यात उतरवायची पन्हळ. डोंगरावर माणसं राहायची ती या टाक्यांच्या भरवशावर. काठ निसरडा असतो, मुलांचा हात धरा.

हे सगळं बघायला दोन तास सहज जातात. पाच-सहा लेणी नीट बघून झाली असतील तर पुरे. माथ्यावर देवळापर्यंत जायचं असेल तर आणखी वेळ आणि पाणी हाताशी ठेवा. वरून कृष्णा आणि कोयना यांचा सगळा सपाट पट्टा दिसतो.

## 7. काय करू नये

भिंतीवर नावं कोरणं हा संरक्षित स्मारकाच्या कायद्याने गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बदामात बाण आणि दोन आद्याक्षरं कोरणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.

खडूने, कोळशाने, पाणी मारून अक्षरं ठळक करायचा प्रयत्न करू नका. लेण्यात चूल पेटवू नका. छतावर बसलेली काजळी निघत नाही. स्तूपावर चढून फोटो तर अजिबात नको. कुणासाठी हा इतिहास असेल, कुणासाठी श्रद्धास्थान आहे. वंदना करायला येणारे लोक असतात, ते बसलेले असतील तर आपण बाहेर थांबायचं. चपला काढून आत गेलात तर उत्तमच.

आणि "पांडवांनी एका रात्रीत कोरली" हे कुणी सांगितलं तर वाद घालू नका. ऐकून घ्या. महाराष्ट्रात अशी गोष्ट नसलेलं लेणं सापडणं कठीण.

## 8. खाली उतरल्यावर

उतरताना गुडघ्यांना जपा, सुट्या खड्यांवर पाय फिरतो. गावात हातपाय धुऊन, कपड्यांची कुसळं काढून मगच गाडीत बसा.

अकरापर्यंत खाली आलात तर कराडात आणखी दोन ठिकाणं सहज होतात. जुन्या कोटातली नकट्या रावळाची विहीर, उतरत्या पायऱ्यांची, प्रचंड. आणि कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, जिथे दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात आणि काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. आधी विहीर करा. बारा वाजता घाटावर सावलीला गर्दी असते, जेवणाचा डबा उघडायला जागा मात्र मिळते.

दुसऱ्या खेपेला कोयनेच्या बाजूचा गट करायचा असेल तर वाट माहीत असलेला गावातला माणूस बरोबर घ्या आणि त्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचे पैसे आधीच ठरवून मोकळे व्हा.